दुसऱ्याच्या वावरातला दहीभात

खेमसिंग राठोड आमच्या ऑफिसात शिपाई होता, हे मी आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर वाचणारा म्हणेल, हा माणूस जळून सांगतोय. जळून तर मी सांगतोच आहे, पण निदान क्रमाने सांगतो. एकोणतीस वर्षं सरकारी मसुदे लिहिल्यावर माणसाला क्रम सोडून जळताही येत नाही.

तर खेमसिंग शिपाई आणि मी झाडे, बडे बाबू. यवतमाळच्या त्या ऑफिसात मला खिडकीजवळचं टेबल होतं आणि खेमसिंगला दाराबाहेरचं स्टूल. त्याच्या रजेच्या अर्जातले ऱ्हस्व-दीर्घ मी लाल पेनाने दुरुस्त करायचो आणि मगच रजा पुढे पाठवायचो. चार वर्षांपूर्वी त्याने नोकरी सोडली आणि महागावकडे, आपल्या तांड्याजवळच्या शेतात गेला. आम्ही त्याला शाल-नारळ दिला आणि त्याची पाठ फिरल्यावर म्हटलं, सहा महिन्यांत परत येऊन स्टुलाची चौकशी करतो की नाही बघा. तो काही आला नाही. त्याचा फोटो आला. जिल्ह्याच्या पेपरात, तीन कॉलम, छातीपर्यंत वाढलेल्या कपाशीत उभा, वर मथळा: ‘नोकरीला रामराम, शेतीत नाव’. साहेबांनी तो कापून नोटीस बोर्डावर लावला, आणि नोटीस बोर्ड माझ्या टेबलाच्या बरोबर समोर होता.

माझाही फोटो पेपरात एकदा आला होता. निवडणुकीच्या प्रशिक्षणाला बसलेली गर्दी होती, त्यात तिसऱ्या रांगेत माझा डावा कान स्पष्ट ओळखू येतो.

सव्वा वर्ष मी खेमसिंगकडे बघत फायली निकाली काढल्या. पोटात सारखं दुखायचं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पण काही निघालं नाही. सोनोग्राफीत खेमसिंग कसा दिसणार? त्यातून दैवाची थट्टा अशी, की माझी बायको इंदू हिला वडिलांकडून मिळालेले तीन एकर खेमसिंगच्या शेताला लागूनच होते आणि दर साली मक्त्याने तोच ते करायचा. फोटोतली कपाशी आपल्याच तीन एकरांतली असणार, असा मला एके दिवशी दुपारच्या चहाला संशय आला. संध्याकाळपर्यंत खात्री पटली आणि दुसऱ्या दिवशी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात ‘शेतीची आवड’ असं लिहिलं. खरं कारण त्याहून लहान होतं, तेही मावलं असतं.

“काहून जी?” इंदू म्हणाली. ती महागावकडचीच, रागावली की माहेरची बोली बोलते. “घरातली तुळस जगत नाही तुमच्यानं. आडनावात झाडे हायेत तेवढे पुरे नाहीत का?”

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि महागावला दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

शेत परत मागायला गेलो तेव्हा खेमसिंग चिडेल, दोन शब्द बोलेल, अशी माझी फार अपेक्षा होती. मी उत्तरंही पाठ करून गेलो होतो. तो म्हणाला, “तुमचंच वावर हाय जी, बाबूजी. मी त नुसती राखन करत होतो.” वर बैलगाडीने दोन खेपा शेणखत माझ्या धुऱ्यावर आणून टाकलं. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. पुढचे पाच महिने माझा सगळा संसार त्या धुऱ्यावर झाला, म्हणून शब्द लक्षात ठेवलेला बरा.

शेती म्हटली की सल्ला फुकट. महागावच्या एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर विठ्ठलराव नावाचे एक म्हातारे शेतकरी बसत. सोमवारी म्हणाले, “कापूस कायले लावता बाबू, सोयाबीन पेरा.” मंगळवारी म्हणाले, “सोयाबीन कायले पेरता, तूर लावा.” बुधवारी मी तुरीचं विचारलं, तर म्हणाले, “तूर? तुमाले कोनं सांगतलं?” मी म्हटलं, तुम्हीच. तर ते शेजारच्याला म्हणाले, “शिकलेले लोक ऐकत नाहीत पहा.” शेवटी मी ठरवलं की खेमसिंग लावेल ते लावायचं, खेमसिंग लावेल त्याच दिवशी लावायचं. फक्त त्याच्यापेक्षा चांगलं लावायचं.

त्याच्याकडे टोबणीला, म्हणजे एकेक सरकी हाताने मातीत लावायला, रुक्माबाईची टोळी होती. टोळी एकच, म्हणून नाइलाजाने दुसऱ्या दिवशी तीच मी माझ्याकडे बोलावली आणि फूटपट्टी घेऊन मागे उभा राहिलो. खेमसिंगच्या बाया बी जेमतेम दोन बोटं खोल घालताना मी बघितलं होतं. इतकं वरवरचं काम मला ऑफिसातही चाललं नसतं. मी म्हटलं, चांगलं चार इंच आत जाऊ द्या, पाखरं उकरणार नाहीत.

“बाबूजी,” रुक्माबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बी म्हनजे का कागद हाय, फाईलीत दाबून ठेवाले?”

“मी सांगतो तसं करा.”

“करतो बापा. वावर तुमचं.”

खरं म्हणजे वावर माझं नव्हतंच. सातबारा इंदूच्या नावाचा. पण हे मजुरांना सांगायची गरज नसते.

दहा दिवसांनी खेमसिंगकडे हिरव्या ओळी आल्या, वहीच्या पानावर आखाव्यात तशा सरळ. माझ्याकडेही हिरवं दिसत होतं, पण अधूनमधून. तेवढ्यात राळेगावचा साडू आजारी पडला आणि मला चार दिवस तिकडे जावं लागलं. इंदू तिथूनच आमच्या मुलाकडे, कपिलकडे पुण्याला गेली आणि मी एकटा परत आलो. शेतावर पोचतो न पोचतो तो खेमसिंग धुऱ्यावर उभा.

“बाबूजी,” तो हळू आवाजात म्हणाला, “खाडे लय पडले जी तुमचे. आठ दिवसांत भरून टाका. मंग भरून काई उपेग नाही.”

माझे कान तापले. खाडे! ज्या माणसाचे खाडे मी वीस वर्षं मस्टरवर लाल शाईने मांडत आलो, तो माझे खाडे मोजतो? चार दिवस गैरहजर राहिलो तर याने मनात मांडून ठेवले? बरं, बोलला तेही हळू आवाजात, समजुतीच्या सुरात, म्हणजे साहेब चांगले असले की बोलतात तसा. मी फक्त “भरतो” एवढंच म्हणालो. त्या शब्दात किती अपमान गिळला होता ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी महागावच्या दुकानातून शंभर पानी रजिस्टर आणलं, रेघा आखल्या आणि प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन बरोबर दहाला लिंबाच्या झाडाखाली हजर झालो. सही, वेळ, शेरा. पावणेसहाला पुन्हा सही. मधे अर्धा तास डबा. असे आठ दिवस. रविवारीसुद्धा गेलो, तो जादा काम म्हणून वेगळ्या रकान्यात दाखवला. पाऊस आला तर रजिस्टरवर छत्री धरायचो आणि स्वतः भिजायचो.

तिसऱ्या दिवशी रुक्माबाई वाटेने जाताना थांबली. “काहून बसले जी असे?”

“खाडे भरतो आहे,” मी म्हणालो.

तिने पदर तोंडाला लावला आणि झपाझप निघून गेली. माणूस कामाला चिकटला की गावात आदर वाढतो, असं मी त्या दिवशीच्या शेऱ्यात लिहिलं.

सहाव्या दिवशी खुद्द खेमसिंग आला. हातात सरकीचा डबा. “बाबूजी, बी हाय माह्याजवळ. बाया बी हायेत उद्या मोकळ्या. तुमचे खाडे...”

“खेमसिंग,” मी त्याला तिथेच थांबवलं, “एकही खाडा राहणार नाही.” आणि रजिस्टर उघडून त्याच्यापुढे धरलं. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. ऑफिसात नवीन परिपत्रक आलं की असाच बघायचा. मग “बरं जी” म्हणून डबा घेऊन निघून गेला.

दहाव्या दिवशी इंदू पुण्याहून आली, सरळ शेतावर आली आणि धुऱ्यावरूनच ओरडली, “अहो, खाडे काहून नाही भरले?”

“एकही राहिला नाही,” मी म्हणालो. “रजिस्टर पाहा.”

तिने रजिस्टर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग वावराकडे बोट दाखवून, पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांगितलं, की ज्या जागी बी उगवलं नाही, जी जागा ओळीत रिकामी राहिली, तिला खाडा म्हणतात. तिथे पुन्हा बी लावतात, त्याला खाडे भरणं म्हणतात. आठ-दहा दिवसांच्या आतच लावतात. तिच्या बोटाच्या दिशेने मी बघितलं. तीन एकरांत निम्म्याहून जास्त जागा गैरहजर होती आणि मी मात्र रोज वेळेवर हजर होतो.

बातमी स्टँडवर माझ्या आधी पोचली. पुढे दोन महिने विठ्ठलराव मला बघितलं की विचारत, “काय बाबू, हजेरी लागली का आज?” मी चहा सोडला. पण त्याहून वाईट गोष्ट अशी, की खेमसिंग एकदाही हसला नाही. तो हसला असता तर मला त्याच्यावर धड चिडता तरी आलं असतं.

मग भाद्रपदात ई-पीक पाहणीचं निघालं. आपल्या पिकाचा फोटो आपल्याच शेतात उभं राहून मोबाईलवरून चढवायचा. फोन माझा, पण ओटीपी इंदूच्या नंबरवर, आणि इंदू तेव्हा महागावला भाजी आणायला. शेवटी तिला शेतात उभी करून काम सुरू केलं. मी जिथे उभा राहीन तिथे फोटोत खाडा यायचा. सरकत सरकत दाट कपाशी सापडली, तर ॲप म्हणायला लागलं की तुम्ही तुमच्या गटाच्या बाहेर आहात. मी खाली बघितलं. मी धुरा ओलांडून खेमसिंगच्या वावरात उभा होतो. मुकाट्याने परत आलो आणि सरकारला माझ्या खाड्यांचा फोटो पाठवला.

पण खेमसिंगच्या वावरात काढलेला फोटो मोबाईलमध्ये राहिला होता. फारच सुंदर होता. उंच, दाट, बोंडांनी लगडलेली कपाशी आणि कडेला माझी सावली. सावली माझी होती, हे कोणीही नाकारू शकत नाही. तो मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘बळीराजाच्या सेवेत’.

चाळीस अंगठे आले. बडे बाबू, कमाल. बडे बाबू, छुपे रुस्तम. सव्वा वर्षाचं पोटदुखणं एका दुपारी थांबलं. मग संध्याकाळी एक्केचाळिसावा अंगठा आला, तो खेमसिंगचा. तो अजून ग्रुपवर आहे हे मी साफ विसरलो होतो. स्वतःच्या कपाशीला माझ्या नावाने अंगठा देणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. रात्री पोट पुन्हा दुखायला लागलं.

दिवाळीच्या आधी साहेबांचा फोन आला. “झाडे, येत्या रविवारी आम्ही सगळे तुमचं शेत बघायला येतोय.”

मी नाही म्हणू शकलो नाही. खेमसिंग दर रविवारी पुसदच्या बाजाराला जातो हे मला ठाऊक होतं. तेव्हा सकाळी त्याच्या वावरात लोकांना अर्धा तास फिरवायचं आणि जेवायला महागावला न्यायचं, असा मी बेत केला. शनिवारी ‘झाडे शेती’ अशी पत्र्याची पाटी करून आणली आणि कोणी नाही असं बघून धुऱ्याच्या पलीकडच्या अंगाला ठोकली.

“बाबूजी, जरा तिरपी झाली जी,” मागून खेमसिंगचा आवाज आला. त्याने दगड उचलला आणि दोन ठोके मारून पाटी सरळ करून दिली. का लावली म्हणून विचारलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी मी बघतो तर खेमसिंग पुसदला गेलेलाच नव्हता. त्याच्याकडे कापसाची पहिली वेचणी होती. त्याची बायको धनीबाई, रुक्माबाई आणि तिची सगळी टोळी कमरेला ओटी बांधून तयार. मी पाटी उपटायला धावलो, तोच ऑफिसची गाडी वाटेवर दिसली.

साहेब उतरले, मागून सातआठ जण. “वा झाडे, वा!” सगळे कपाशीत शिरून फोटो काढायला लागले. तेवढ्यात खेमसिंग ट्रेमधून चहा घेऊन आला, ऑफिसात आणायचा तसाच.

“अरे खेमसिंग, तू इथे?”

“बाबूजीच्या बाजूलेच हाय जी मी,” तो म्हणाला. एकही अक्षर खोटं नव्हतं.

साहेबांनी एका मुलीला पुढे केलं. “ह्या आमच्या नवीन मॅडम, जया. महिनाभर झाला. तुमच्याच टेबलावर बसतात.” मुलीने वाकून नमस्कार केला. माझ्या टेबलावर! माझ्या खिडकीत! मला तिचाही हेवा वाटला, पण तो वाटून पुरा व्हायच्या आत ती कपाशीच्या ओळीतून पळत धनीबाईकडे गेली आणि म्हणाली, “याडी!”

तांड्यावर आईला याडी म्हणतात, एवढं मला पाच महिन्यांत कळलं होतं. म्हणजे ही खेमसिंगची मुलगी. याच वावरात खेळून मोठी झालेली. तिने पाटीकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. खेमसिंगने डोळ्यांनीच तिला गप्प राहायला सांगितलं, आणि ती गप्प राहिली. मला वाटलं, धुरा दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

धुरा जागच्या जागी राहिला, आणि सीतादही सुरू झालं. पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे धुऱ्याजवळ पाच खडे मांडून हळदकुंकू वाहतात, त्यापुढे पहिला कापूस ठेवतात आणि मग मालकाने वावरात दहीभात शिंपायचा असतो. रुक्माबाईने खडे मांडले. धनीबाईने दहीभाताचं ताट उचललं.

“चला झाडे, मालक तुम्ही,” साहेब म्हणाले आणि मोबाईल धरून उभे राहिले.

धनीबाई नवऱ्याकडे बघायला लागली. खेमसिंगने मान हलवली. देऊन टाक, अशी. वर्षभर राबलेल्या वावराचा पहिला दहीभात तो मला देऊन मोकळा झाला. ताट माझ्या हातात आलं. मूठ भरली, हात वर केला.

तेवढ्यात रुक्माबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “शिंपा जी, शिंपा. दुसऱ्याच्या वावरात दहीभात शिंपला म्हनजे आपल्या वावराची बरकत त्याच्या वावरात जाते म्हनतात. आपल्याले काय, वावर तुमचंच हाय.”

माझा हात तिथेच थांबला. माझ्या तीन एकरांत बरकत ती केवढी! खाड्यांमधून उरलेली चार बोंडं. पण तीही खेमसिंगला? फोटो त्याचा, कपाशी त्याची, मोठं मनही त्याचंच, आणि वर माझी चार बोंडं?

“हे वावर माझं नाही!” मी ओरडलो. “हे खेमसिंगचं आहे. माझं पलीकडचं!”

“पलीकडचं बी तुमचं नाही,” इंदू मागून म्हणाली. “सातबारा माह्या नावाचा हाय.”

मग साहेब पुढे आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “झाडे, इतक्या लोकांसमोर खरं बोलायला छाती लागते. तुमच्या फायलीत कधी खोट निघाली नाही, ते उगाच नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. ताट खेमसिंगच्या हातात दिलं आणि त्याने शिंपलेला एक तरी दाणा धुरा ओलांडून माझ्या बाजूला पडतो का, ते बघत उभा राहिलो.

जेवणं त्याच्याच तांड्यावर झाली. गाडी निघायच्या वेळेला खेमसिंग मला बाजूला घेऊन गेला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले.

“बाबूजी, आता सांगतोच. जया दोन वरसं झाले वेटिंग लिस्टवर पह्यली होती. जागाच निघत नव्हती. तुमी नोकरी सोडली, सगळे एकेक पायरी वर सरकले, न् खालची जागा मोकळी झाली. तिचा आर्डर आला त्या दिवशी धनी रडली जी. पेपरात फोटो आला तवा लोक म्हनत, खेमसिंगनं नशीब काढलं. मी मनात म्हनो, नशीब त बाबूजीचं. पंख्याखाली, खिडकीजवळ. वीस वरसं स्टुलावर बसून त्या खुर्चीकडे पाहून जळलो मी. खोटं कायले बोलू? तुमाले शेतीची येवढी आवड हाय, हे मालूम असतं त मीच तुमाले आधी म्हटलं असतं, सोडा नोकरी.”

तेवढ्यात जया जवळ आली. “सर, एक विचारायचं होतं. त्या टेबलाचा डावीकडचा ड्रॉवर उघडतच नाही. सगळ्यांनी ओढून पाहिला.”

तो ड्रॉवर एकोणतीस वर्षांत माझ्याशिवाय कोणाला उघडता आला नव्हता. सांगावं की नाही, याचा मी चांगला मिनिटभर विचार केला. खेमसिंग माझ्या तोंडाकडे बघत होता.

“गुडघ्याने खालून जरा उचलायचा,” मी म्हणालो, “आणि मग ओढायचा. जोर नाही लावायचा.”

तिने ते डायरीत लिहून घेतलं आणि गाडीत जाऊन बसली, साहेबांच्या मागच्या सीटवर, खिडकीशी. गाडी तांड्याबाहेर पडून यवतमाळच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. खेमसिंग डोळे पुसत होता, त्याला पोरीचा अभिमान वाटत होता. उद्या सोमवार होता, आणि मला त्या गाडीत बसून जावंसं वाटत होतं.